पंधरा हजारांत पहिली दुर्बीण: सोलापूरच्या गच्चीसाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक आठवीत आहे, दिवाळीत तिला दुर्बीण घेऊन द्यायची आहे. हाताशी पंधरा हजार आहेत, फार ताणलं तर अठरा. घर जुळे सोलापुरात, गच्ची दुसऱ्या मजल्यावर. ऑनलाइन साडेसहा हजारांत ‘६७५ पट मोठं दाखवणारी’ दुर्बीण दिसली आहे, तिच्यासोबत तिवई आणि तीन भिंगं येतात. ती घेऊ का? आणि लेकीचा प्रश्न: शनीची कडी दिसतील का?

ती घेऊ नका. कडी दिसतील, पण दुसऱ्या दुर्बिणीतून.

तीसेक वर्षं मी सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी या भागात शाळांच्या मैदानांवर आणि लोकांच्या गच्च्यांवर आकाश दाखवत आलोय. त्या काळात माळ्यावर जाऊन पडलेल्या दुर्बिणी पुष्कळ पाहिल्या. घरच्यांना वाटतं, पोरांची हौस फिटली. त्या दुर्बिणी खाली काढून लावून बघितलं की कारण लगेच कळतं. भिंग बऱ्याचदा ठीक असतं, पण स्टँड थरथरत असतो. फोकसच्या चाकाला बोट लागलं की गुरू नाचायला लागतो आणि थांबेपर्यंत नजरेच्या टापूतून निघून जातो. पोर दहा मिनिटं धडपडतं, मग खाली जाऊन अभ्यासाला बसतं. त्यात त्या पोराची काही चूक नसते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तुमच्या पंधरा हजारांत आधी स्टँड पक्का आहे ना ते बघा. किती पट दिसतं ते सगळ्यात शेवटी बघा.

आता ते ६७५ येतात कुठून ते सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना तुम्हाला स्वतःला हिशेब करता येईल. दुर्बिणीच्या नळीवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला पुढच्या भिंगाचा किंवा आतल्या आरशाचा व्यास, दुसरा फोकल लेंग्थ, म्हणजे त्या भिंगापासून किंवा आरशापासून किरण जिथे जुळतात तिथपर्यंतचं अंतर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ६० आणि ९०० दिसतंय, म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग आणि ९०० मिलिमीटर फोकल लेंग्थ. डोळ्याशी जे छोटं भिंग लावतात त्याला आयपीस म्हणतात, त्याच्यावरही आकडा असतो. ९०० ला त्या आकड्यानं भागलं की पट निघते. २० चा आयपीस लावला तर ४५ पट, ४ चा लावला तर २२५ पट. त्यात तिप्पट करणारं बार्लो नावाचं भिंग घातलं की २२५ चे ६७५ होतात. हिशेबात खोट नाही, पण ६० मिलिमीटरच्या भिंगाला ते पेलत नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, त्याच्यापुढे पट वाढवून काही मिळत नाही. म्हणजे या दुर्बिणीची मर्यादा १२० पट, आणि तीसुद्धा हवा स्थिर असेल त्या रात्री. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं, अंधारतं आणि पुसट होतं.

आणखी एक गोष्ट. पृथ्वी फिरत असते, म्हणून आकाश एका तासाला १५ अंश सरकतं. ६७५ पटीला आयपीसमधून दिसणारा तुकडा इतका लहान असतो की तारा त्यातून साधारण अठरा सेकंदांत पार निघून जातो. अठरा सेकंदांत मुलीनं डोळा लावायचा, फोकस करायचा आणि थरथर थांबायची वाट बघायची. ५० पटीला तोच तारा चार मिनिटं थांबतो. आणि ५० पट म्हणजे कमी समजू नका. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ५० पटीला तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडा मोठाच दिसतो. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून.

मग महत्त्वाचं काय? व्यास. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग त्याच्या १०० पट उजेड गोळा करतं, ११४ मिलिमीटरचा आरसा अडीचशे पटींहून जास्त. बारीक तपशीलही व्यासावरच ठरतो: कड्यांमधली काळी रेघ, गुरूवरचे पट्टे, अगदी जवळजवळ असलेले दोन तारे. व्यास एकदा घेतला की तोच, तो नंतर वाढवता येत नाही. आयपीस मात्र पुढच्या वाढदिवसाला दुसरा घेता येतो.

या किमतीत तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे ७० ते ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, तिला रिफ्रॅक्टर म्हणतात. दुसरी आरशाची, म्हणजे रिफ्लेक्टर, लाकडी फिरत्या बैठकीवर बसवलेली. अशा बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात, आम्ही नुसतं डॉब म्हणतो. तिसरी वाट द्विनेत्रीची, म्हणजे बायनॉक्युलरची.

माझी पसंती डॉबला, आणि ती का ते जरा ऐसपैस सांगतो. जॉन डॉब्सन नावाच्या माणसानं अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर मोठ्या दुर्बिणी उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवलं. १९६८ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्यासाठी एक मंडळीच उभी केली. पैसा नव्हता, म्हणून बैठक प्लायवूडच्या पेटीची केली. ती पेटी जात्यासारखी आडवी फिरते, आणि नळी तिच्यात तोफेसारखी वर-खाली होते. गिअर नाहीत, पाय नाहीत, वजन सगळं खाली. त्यामुळे ती थरथरत नाही, आणि पैसा सगळा आरशावर जातो. लेकीला ती शिकवायला पाच मिनिटं लागतात: ढकल आणि बघ.

तुमच्या ताणलेल्या आकड्याच्या आसपास छोटी, टेबलावर ठेवायची डॉब मिळते. ११४ मिलिमीटरचा आरसा, ४५० ते ५०० फोकल लेंग्थ. स्काय-वॉचर कंपनीच्या हेरिटेज मालिकेत अशा येतात, दुसऱ्या कंपन्यांच्याही आहेत. तिच्यासोबत बहुधा २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस येतात, म्हणजे ५०० फोकल लेंग्थला २० पट आणि ५० पट. सुरुवातीचं वर्षभर याहून काही लागत नाही. याच मालिकेत १३० मिलिमीटरची दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ ६५०, नळी अर्धी आत सरकते. वजन सहा-सव्वासहा किलो, लेक एका हातानं जिना चढून नेईल. ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाते. पण एखाद्या मामानं किंवा आत्यानं हातभार लावला तर बिनधास्त तिकडे जा. दहावी होईपर्यंत ती लहान पडणार नाही.

घेताना एक प्रश्न नक्की विचारा: आरसा पॅराबोलिक आहे का? अशा बुटक्या दुर्बिणीत साधा गोलीय आरसा असेल तर कडेचे किरण आणि मधले किरण एका जागी जुळत नाहीत. ५० पटीच्या पुढे शनी लोण्याच्या गोळ्यासारखा दिसतो. लांब नळीच्या ७६ किंवा ११४ मिलिमीटरला (फोकल लेंग्थ ७०० किंवा ९००) गोलीय आरसा चालून जातो. ७६ मिलिमीटर आणि ३०० फोकल लेंग्थची छोटी टेबलावरची दुर्बीणही दिसेल. दिसायला गोड आहे, चंद्र आणि तारकागुच्छांना बरी आहे, पण शनीसाठी मी ती सुचवणार नाही.

दुसरा सापळा ओळखायचा तर टेप घेऊन जा. नळीवर फोकल लेंग्थ १००० लिहिली आहे आणि आरशाची नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर लांब आहे, असं असेल तर फोकसच्या नळीत एक जादा भिंग बसवलेलं असतं. ते भिंग स्वस्तातलं असतं, आणि त्याच्यामुळे आरसा जुळवणं, ज्याला कोलिमेशन म्हणतात, नवख्याला जवळजवळ अशक्य होऊन बसतं. कागदावर १२७ मिलिमीटर बघून लोक भुलतात. मी स्वतः अशी एक घेतली होती, सहा महिने तिच्याशी झगडलो आणि शेवटी एका शाळेला आरसा दाखवण्यापुरती देऊन टाकली.

टेबलावरच्या दुर्बिणीला टेबल लागतं, आणि तेही पक्कं. प्लास्टिकचं स्टूल नको, ते डुगडुगतं. गच्चीच्या कठड्यावर तर मुळीच ठेवू नका, दोन मजल्यांवरून आरसा खाली जाईल, आणि त्याच्या मागे धरायला पोर झुकेल. बऱ्याच घरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा चौथरा असतो, त्याची रिकामी बाजू उत्तम. नाहीतर ओळखीच्या सुताराकडून गुडघाभर उंचीचं, तीन पायांचं जाड प्लायवूडचं बैठं स्टूल करून घ्या. तीन पाय सांगतोय ते मुद्दाम. गच्चीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, चार पायांतला एक कायम अधांतरी राहतो. बैठक जड फिरायला लागली तर त्याच सुताराला सांगा, फिरत्या फळीला खरबरीत सनमायका आणि खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. मूळ डॉबची युक्ती तीच.

आता सोलापूरची गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात येते पण परदेशी पुस्तकांत नसते. आपला अक्षांश १७.७ अंश. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. ग्रह सूर्याच्याच वाटेनं जातात, त्यामुळे आपल्याकडे गुरू, शनी, मंगळ पुष्कळदा डोक्यावर येतात. युरोपातल्या लोकांना पुष्कळदा त्यांच्याकडे क्षितिजाजवळच्या जाड, लवलवत्या हवेतून बघावं लागतं. आपल्याला तेच ग्रह सगळ्यात पातळ हवेतून मिळतात. हे आपलं भाग्य आहे, पण दुर्बीण निवडताना त्याची अडचण होते. भिंगाची दुर्बीण तिवईवर डोक्याकडे वळवली की तिचा मागचा भाग तिवईच्या पायाला आपटतो, आणि आयपीस इतका खाली जातो की मांडी घालून, मान मोडून बघावं लागतं. म्हणून तुम्ही ७० मिलिमीटरची भिंगाची घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. तिवई पूर्ण उघडल्यावर नळी सरळ वर होते का? आणि आयपीसच्या आधीचा कोपरा, म्हणजे डायगोनल, ९० अंशांचा आहे ना? पक्षी बघायला ४५ अंशांचं प्रिझम देतात, त्यानं आपल्या आकाशात मान दुखते. डॉबलाही बरोबर डोक्यावरचा तुकडा अवघड जातो, कारण नळी उभी झाली की बैठक फिरवून काही हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे तासभर थांबणं. आकाश १५ अंश सरकतं आणि ग्रह आपोआप सोयीच्या जागी येतो.

याच अक्षांशामुळे इक्वेटोरियल स्टँडही नको म्हणतो. तो स्टँड ध्रुवताऱ्याकडे रोखून ठेवावा लागतो, मग एकच चाक फिरवून तारा पकडून ठेवता येतो. ऐकायला छान आहे. पण आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून कमी. जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून तो समोरच्या इमारतीमागे असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय स्टँड इतका खाली झुकवला की वजनाची दांडी तिवईच्या पायाला लागते. स्वस्त इक्वेटोरियल थरथरतो तो वेगळाच. आठवीतल्या मुलीला पहिल्या दिवशी तो समोर ठेवणं म्हणजे सायकल शिकायच्या आधी गिअर उघडायला लावणं.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या दुर्बिणींचं एका वाक्यात: या पैशात मोटर येईल, आरसा येणार नाही. हल्ली मोबाईलवर थेट चित्र दाखवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी निघाल्यात, त्या चांगल्या आहेत आणि बजेटच्या फार पुढे आहेत. पण त्यांत डोळा लावायला काही नसतं, आणि लेकीला जे हवंय ते डोळा लावणंच आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

पंधराच्या वर एक रुपयाही शक्य नसेल तर? तर दहा हजारांच्या आत १० बाय ५० किंवा ७ बाय ५० ची चांगली द्विनेत्री घ्या, आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या डॉबसाठी बाजूला ठेवा. १० म्हणजे पट, ५० म्हणजे भिंगाचा व्यास. झूमवाली घेऊ नका, २० पटवाली हातात स्थिर राहत नाही. कोपर कठड्यावर टेकून बघितलं की गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, कृत्तिका भरून दिसते, चंद्राची विवरं दिसतात. शनीची कडी मात्र तिच्यातून दिसत नाहीत, लंबगोल ठिपका दिसेल फार तर. मी स्वतः द्विनेत्रीवरच शिकलो. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा शेजारच्या काकांची मागून आणली होती. एप्रिलच्या त्या पहाटे आम्ही दोघं गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्यानंतर मी कधी थांबलो नाही.

उन्हाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण नवी दुर्बीण नापसंत होण्याचं ते मोठं कारण आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. ती हवा नळीसमोरून वर जाते आणि गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या रुपयासारखा हलतो. लोक म्हणतात दुर्बीण खराब आहे. दुर्बीण ठीक असते, गच्ची तापलेली असते. पूर्वी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकायचे. जिथे नळाला पाणी चार-चार दिवसांआड येतं त्या गावात मी तुम्हाला तसं सांगणार नाही. उन्हाळ्यात पहाटे चारला उठा, किंवा अंगणातल्या मातीवर दुर्बीण लावा, माती स्लॅबपेक्षा लवकर निवते. दुर्बीण खोलीतून बाहेर आणली की अर्धा तास तशीच ठेवा, आरशाचं तापमान हवेशी जुळू द्या. थंडीतही हे पाळा.

आणि धूळ. सोलापुरात धूळ आहे, ती आरशावर बसणारच. पुसू नका. ओढणीनं नाही, चष्म्याच्या कपड्यानं नाही, मऊ टॉवेलनं तर नाहीच. आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, एका पुसण्यात ओरखडे उमटतात आणि ते कायमचे. थोडी धूळ असली तरी चित्रात फरक पडत नाही. रबरी फुग्यानं हवा मारा, बस. दोन-तीन वर्षांनी धुवायचा झाला तर डिस्टिल्ड वॉटरनं, आणि आधी कुणाकडून तरी शिकून. पावसाळ्यात आयपीस घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी येते. नळीवर घालायला सोलापुरी चादर चांगली. दुसरी एक चादर मुलीच्या डोक्यावर घेऊन आयपीसशी बसवा. शेजारच्या एलईडीचा उजेड थांबला की दहा मिनिटांत तिला दुप्पट तारे दिसायला लागतील.

शहरातून काय दिसेल आणि बाहेरून काय, हेही आधीच सांगून ठेवा. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना शहराचा उजेड फारसा बाधत नाही. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ते वसिष्ठ-अरुंधती साध्या डोळ्यांनी दोन दिसतात. ५० पटीला बघितलं की वसिष्ठाचेच दोन तारे होतात. एप्रिल-मेच्या संध्याकाळी उत्तरेला हे बघा, विद्यार्थ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दीर्घिका (गॅलक्सी) आणि तेजोमेघांना (नेब्युला) मात्र अंधार लागतो. आणि फोटोतले लाल-निळे रंग डोळ्याला दिसत नाहीत, राखाडी धूर दिसतो. देवयानी दीर्घिका नोव्हेंबरमध्ये उत्तरेला बरीच वर असते. तो धुराचा ठिपका २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे हे लेकीला माहीत असलं तर तो तिला कमी वाटणार नाही.

हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या शेतावर जाणार असाल तर दुर्बीण गाडीत टाका. मंगळवेढ्याकडे, अक्कलकोट रस्त्याला, नान्नजच्या पलीकडे अजून काळोख आहे. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र रात्री जाऊ नका, ते पक्ष्यांचं घर आहे. ओळखीच्या शेतात परवानगीनं बसा. शेकोटी आणि दुर्बीण यांच्यात बरंच अंतर ठेवा, धूर आणि झळ दोन्ही मारक.

आणि दक्षिण बाजू मोकळी असेल असं शेत निवडा. आपल्याला दक्षिणेचं आकाश मिळतं, याची जाणीव इथल्या लोकांना फार कमी आहे. फेब्रुवारीत अगस्तीचा तारा दक्षिणेला वीसेक अंश वर असतो. एप्रिल-मेच्या रात्री क्षितिजाच्या बाराएक अंश वर त्रिशंकू (सदर्न क्रॉस) उभा राहतो. त्याच सुमारास नरतुरंग या तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी २५ अंशांवर येतो. हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे, १७ हजार प्रकाशवर्षांवर. लंडनहून तो कधीच उगवत नाही. आपल्याकडे ११४ मिलिमीटरच्या डॉबमधून, ५० पटीला, काळोख्या शेतात तो पिठाच्या ढिगासारखा दिसतो. नजर स्थिरावली की कडेचे कण सुटे व्हायला लागतात. एखाद्या मुलीनं हे तेराव्या-चौदाव्या वर्षी सोलापूरजवळच्या ज्वारीच्या शेतात उभं राहून बघावं, यासाठीच मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात आयपीसला लावायची काळी काच येते, ‘सन’ असं लिहिलेली. ती काढून फोडून टाका, घरात ठेवूसुद्धा नका. पुढच्या भिंगानं गोळा केलेली सगळी उष्णता तिच्यावर एकवटते. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होतं, सोलापुरातून खंडग्रास दिसलं. त्या सकाळी एका गच्चीवर अशी काच माझ्या डोळ्यांदेखत तडकली. तेव्हा डोळा लावलेला नव्हता म्हणून वाचलो. सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा, सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर लागतो. तो नसेल तर दिवसा दुर्बिणीला झाकण घालून ठेवा.

खरेदीबद्दल. शक्यतो खगोलशास्त्राचंच सामान विकणाऱ्याकडून घ्या. खेळण्यांच्या किंवा कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस चांगला असतो, पण त्याला आरसा जुळवता येत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. तिथल्या माणसांशी बोललात तर कोणत्या दुर्बिणी प्रत्यक्षात चालतात ते कळेल. तिथल्याच आयुका या खगोल संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत, पुढे लेकीला हातानं काही करावंसं वाटलं तर ते लक्षात असू द्या. इथे केगावचं विज्ञान केंद्र तिला एकदा दाखवून आणाच. जुनी दुर्बीण मिळत असेल तर जरूर विचार करा. टॉर्च तिरकी मारून आरसा बघा. धूळ चालेल, मुलामा उडालेले डाग किंवा जाळी नको. आयपीसची नळी सव्वा इंची आहे का मोजा. जुन्या स्वस्त दुर्बिणींना याहून बारीक आयपीस लागतात, तसे चांगले आयपीस आज सहज मिळत नाहीत.

जून ते सप्टेंबर घेऊ नका. शेतकऱ्याचा मृग निघाला की आकाश गेलं. तुमचा दिवाळीचा बेत बरोबर आहे, कारण नोव्हेंबर ते मार्च ही आपली खरी वेळ.

खोकं उघडल्यावर पहिलं काम दिवसाउजेडी करायचं आहे. दुर्बिणीच्या पाठीवर फाइंडर, म्हणजे नेम धरायचं साधन असतं, लाल ठिपक्याचं किंवा छोट्या नळीचं. ते आणि मुख्य नळी एकाच दिशेला बघत नसतील तर रात्री काहीच सापडणार नाही. दूरची एखादी उंच वस्तू कमी पटीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा, आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून ठिपका त्याच वस्तूवर आणा. वस्तू सूर्याच्या विरुद्ध बाजूची निवडा. जुळे सोलापूर, होटगी रोडच्या लोकांना मी पूर्वी साखर कारखान्याची उंच चिमणी सांगायचो. ती २०२३ मध्ये पाडली, आता मोबाईलचा टॉवर धरा. हे दहा मिनिटांचं काम न केल्यामुळे किती पहिल्या रात्री वाया जातात ते मी पाहिलंय.

पहिल्या रात्री चंद्रच. पौर्णिमेचा नको, तो सपाट आणि डोळे दिपवणारा असतो. अष्टमीच्या आसपासचा बघा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. मोबाईलचा कॅमेरा आयपीसला टेकवला की चंद्राचा फोटो चांगला येतो, शाळेत दाखवायला तिला तो हवा असेलच.

आता शनी. कडी २५-३० पटीपासून कळायला लागतात, ५० पटीला स्पष्ट सुटी दिसतात आणि शेजारी टायटन हा त्याचा चंद्र ठिपक्यासारखा असतो. तिला एक सांगून ठेवा. मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून बघताना कड्यांची फक्त पातळ कड आपल्याकडे होती, म्हणजे ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तिथून ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जातात आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात जास्त पसरतात. पहिल्या वर्षी ती चित्रातल्यापेक्षा अरुंद वाटली तर दुर्बीण बिघडलेली नाही. एका वहीत तारीख टाकून दर वर्षी एकदा पेन्सिलीनं शनी काढायला सांगा. तिचं कॉलेज होईपर्यंत ती सगळी चित्रं शेजारी ठेवली की कडी उघडत गेलेली तिला तिच्याच हातच्या रेषांत दिसतील.